तळाशी अंथरलेली खडी

मी एक जुनी तळी आहे. पण मित्रांनो, तहान लागली म्हणून माझ्याकडे येऊ नका. ओंजळ तोंडाला लावाल आणि लगेच थुंकून टाकाल. वाटेने जाणारे परके लोक तसेच करतात आणि वर मला दोन शिव्या देऊन जातात. पूर्वी मला त्याचे वाईट वाटे, आता वाटेनासे झाले आहे. याच पाण्यावर एके काळी वरोर गावात पानवेलींचा एक मळा उभा होता, आणि लोक तो इतका पवित्र मानत की त्यात चप्पल घालून शिरायची कोणाची छाती नव्हती. त्या मळ्याचे काय झाले ते मी आज सांगणार आहे. गोष्ट चांगल्या माणसांची आहे, तेव्हा ऐकताना जरा सावध राहा.

मला गोविंदरावांनी खणले, घराच्या मागच्या दारी. समुद्र इथून इतका जवळ की वारा फिरला की भांड्यांवर मीठ बसते. इथे विहीर खणावी तर पाणी मचूळ लागते, आणि पानवेल मोठी नाजूक, तिला तसले पाणी अजिबात सोसत नाही. म्हणून गोविंदरावांनी खोल जायचेच नाही असे ठरवले. पावसाचे पाणी वरच्यावर धरायचे आणि उन्हाळ्यापर्यंत पुरवायचे. त्यांनी बैलगाड्या भरून काळी चिकण माती आणली, माझ्या तळाला जाड थापली आणि म्हशींच्या पायांनी ती तुडवून घेतली. त्या मातीवर पहिला पावसाळा साचला आणि मी तळी झाले.

आता एक गोष्ट सांगते, ती नीट ध्यानात ठेवा. माझ्या पाठीखाली खारे पाणी आहे. मी जन्मले तेव्हापासून आहे. समुद्राला भरती आली की तेही खालून चढते आणि माझ्या मातीला येऊन टेकते. ओहोटी लागली की मागे सरते. त्याला घाई नाही, राग नाही, काही नाही. ते फक्त रोज येते आणि वाट आहे का ते पाहून जाते. मधे होती ती एवढी काळी माती.

ती माती शाबूत राहावी म्हणून दर वैशाखात तळ तुडवायचा दिवस असे. पाणी आटून एका कोपऱ्यात गेलेले असायचे. आधी वरचा गाळ काढून वेलींच्या मुळाशी टाकत. मग शेजारचा चिमण आपल्या म्हशी घेऊन येई, आणखी दोघातिघांच्या म्हशी येत, आणि त्या माझ्या अंगावर गोल गोल फिरत. उन्हाने मातीला पडलेल्या भेगा त्यांच्या खुरांखाली मिटत. म्हशींच्या मागे माणसे, माणसांच्या मागे पोरे, सगळी गुडघ्यापर्यंत काळी. दुपारी सगळ्यांना वालाचे बिरडे, भात आणि आंब्याचा रस मिळे. मला त्या दिवशी फार बरे वाटे. आजारी माणसाचे अंग कोणी दाबून द्यावे, तसे.

दिसायला मात्र मी देखणी नव्हते, हे मान्य करते. पाणी गढूळ, काठाला शेवाळ, तळाला चिखल. गोविंदराव गेले आणि मळा त्यांच्या मुलाकडे, काशीनाथकडे आला, तेव्हाही मी तशीच होते. काशीनाथ अबोल माणूस. पहाटे वेलींतून अनवाणी फिरायचा, पाने खुडून करंड्यांत रचायचा आणि करंडे डहाणूच्या स्टेशनात पोचवायचा. त्याची बायको अहिल्या मात्र बोलकी होती. भांडी घासताना ती माझ्याशी बोले, म्हणजे खरे तर मला नावे ठेवी.

"काय हे पाणी! पाय धुवायला उतरावं तर पाय आणखी काळे. आमच्या कैनाडच्या तळ्यात तांब्या पडला तरी तळाला दिसतो."

तिचे खोटे नव्हते. कैनाड इथून आत, डोंगराच्या बाजूला. तिथल्या तळ्याला मुरमाचा तळ आहे आणि खाली गोडे पाणी. तिथे मुरूम शोभतो. पण माहेरचे ते सगळे चांगले, हे प्रत्येक सुनेला वाटतेच, त्यात तिचा काय दोष? मला ती आवडायची. तिच्या बोलण्याने दुपार सरायची.

मग एका उन्हाळ्यात प्रभा चिखलात रुतली.

प्रभा ही त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा जेमतेम चार वर्षांची. काठाजवळ एक कमळ उमलले होते. ते घ्यायला ती उतरली, एक पाऊल, दुसरे पाऊल, आणि तिसरे वर येईना. तिने जोर लावला तशी ती आणखी खाली गेली. मित्रांनो, चिखलाला डोळे नसतात. जो चिखल पाणी धरून ठेवतो तोच पायही धरून ठेवतो. त्याला त्यातला फरक कळत नाही. पाणी पोरीच्या हनुवटीला लागले तेव्हा अहिल्याने मागच्या ओसरीवरून पाहिले. ती धावत आली, अंगावरच्या लुगड्यासकट पाण्यात शिरली, आणि पोरीला काखेत धरून ओढून काढले. प्रभाच्या एका पायातले पैंजण माझ्या चिखलातच राहिले.

पोर दुसऱ्या दिवशी खेळू लागली. आई मात्र खेळकर राहिली नाही. ती भांडी घासायला येईनाशी झाली, दुसऱ्या कोणाला तरी धाडू लागली. कधी आलीच तर काठावर उभी राहून माझ्याकडे बघत बसे. तिच्या नजरेत भीती होती, आणि भीतीखाली राग.

त्याच सुमारास तिचा धाकटा भाऊ गोपीनाथ बहिणीला भेटायला आला. तो रेल्वेत होता. रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीवर त्याची नेमणूक होती, आणि रूळ, स्लीपर व खडी यांच्याखेरीज जगात चौथी वस्तू आहे असे त्याला वाटत नसे. स्वभावाने लाखात एक. भाचीचे ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी आले. मग तो माझ्या काठावर आला, बूट काढून एक पाय आत घातला, काळाकुट्ट बाहेर काढला आणि म्हणाला, "ताई, हे एका दिवसाचं काम आहे. तळाला खडी टाकून द्या. वीतभर जाड थर. पाय रुतायचं नाव नको."

संध्याकाळी सगळे मागच्या दारी बसले. काशीनाथ, अहिल्या, गोपीनाथ, आणि काशीनाथची आई आनंदीबाई. मी ऐकत होते. माझ्याबद्दलच बोलणे चालले होते, पण मला विचारणार कोण?

"खडी टाकली तर म्हशी कशा फिरवायच्या?" काशीनाथने विचारले. "त्यांचे खूर फुटतील."

"फिरवायच्याच कशाला, भावोजी? हे दरवर्षी तुडवत बसणं म्हणजे जुन्या काळची रीत झाली. खडी एकदा बसली की बसली."

आनंदीबाई पान लावत होत्या. त्या म्हणाल्या, "तळीचा तळ पाण्यातून दिसू नाय. चांगलं नसतं ते."

"का चांगलं नसतं?" गोपीनाथने हसत विचारले.

"ते मला काय ठाऊक? माझी सासू सांगायची."

आनंदीबाईंना तरी आणखी काय ठाऊक होते? सासूने सांगितले ते त्यांनी सांगितले. गोपीनाथने मग आपल्या कामाचे दाखले दिले. "आमच्या लाइनीखाली खडीच असते. वरून एवढी मालगाडी जाते, पण चिखल म्हणून वर येत नाही."

"आणि पाणी? लाइनीखाली पाणी राहतं?" काशीनाथने विचारले.

"पाणी? छे. एक थेंब राहत नाही," गोपीनाथ छाती पुढे काढून म्हणाला. "सगळं खाली निघून जातं. खडीचा तोच तर गुण."

मित्रांनो, मी आजन्म पाणी धरून बसलेली तळी. माझ्या तळाला काय घालायचे याचा विचार चालला होता, आणि ज्याने सल्ला दिला त्याने स्वतःच्या तोंडाने त्याचा परिणामही सांगून टाकला. पण बसलेल्यांपैकी एकाच्याही कानात ते शिरले नाही. त्यांना खडीचा कणखरपणा तेवढा ऐकू आला. काशीनाथ जरासा घुटमळला, इतके खरे. तो म्हणाला, "मळा या मातीवर उभा आहे. बाबांनी तळ बांधला, तो तसाच राहू दे. काठाला कुंपणासारखी कूड घालू."

तेव्हा अहिल्या पहिल्यांदा बोलली. आवाज चढवला नाही. "कूड मोडते. पोर एकदा वाचली, दुसऱ्यांदा मी ओसरीवर असेन की नसेन. तुम्हाला पानं हवीत की पोर, तेवढं सांगा."

काशीनाथ उठला आणि वेलींकडे निघून गेला. ठरले ते तिथेच ठरले. कूड घालायची होती तिथे खडी आली. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असे म्हणतात ना, तेच झाले.

खडी खाणीवरून बैलगाड्यांनी आली. काळी, टोकेरी, ताजी फोडलेली. घमेल्या घमेल्यांनी ती माझ्या अंगावर पडू लागली. खडी नीट बसावी म्हणून गोपीनाथने आधी मऊ गाळ पार खरवडून काढायला लावला, आणि गाळाबरोबर चिकण मातीचाही थर निघाला. गाळ कुठे संपतो आणि माती कुठे लागते, हे खोऱ्याला थोडेच कळते? मग वरून लाकडी धुम्मसाने चोप दिला. प्रत्येक घावासरशी खडीची टोके मातीत शिरत होती. खालचे पाणी त्या दिवशीही भरतीच्या वेळेला आले. मला वाटले, ते नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ थांबले.

आणि मग माझे कौतुक सुरू झाले. पावसाळा सरला, पाणी निवळले, आणि मी अशी नितळ झाले की माझी मलाच ओळख पटेना. तळाचा दगड न् दगड दिसू लागला. आगर गावाहून सोयरे आले, ते काठावर उभे राहून वाहवा करू लागले. शाळेचे मास्तर पोरांना घेऊन आले. अहिल्या पुन्हा भांडी घासायला येऊ लागली, गुणगुणू लागली. प्रभा घोट्याएवढ्या पाण्यात उड्या मारी आणि आई तिच्याकडे पाठ करून निवांत कपडे पिळी. ती पाठ पाहून मलाही सुख होई. खोटे कशाला बोलू? स्तुती कोणाला नको असते?

पण त्या वर्षी माझ्या तळातून बेडकांचा आवाज आला नाही. ते उन्हाळाभर माझ्या चिखलात झोपत. आता त्यांना निजायला जागा नव्हती. मरळ मासेही दिसेनासे झाले. कोणाच्या लक्षात आले नाही. स्वच्छ घरात आवाज कमी असतो, असेच सगळ्यांना वाटले असेल.

वैशाख आला. चिमण आपल्या म्हशी घेऊन मागच्या दारी उभा राहिला. "काशीनाथ, यंदा तळ तुडवायचा नाय?"

"नाय रे. आता गरज नाय."

"बरं," चिमण म्हणाला. म्हशी मात्र सवयीने माझ्याकडे येऊ पाहत होत्या. एकीने खडीवर पाय टाकला आणि झटकन मागे घेतला. चिमणने त्यांना वळवून नेले.

उन्हे तापली. पाणी खाली गेले, काठाची खडी उघडी पडली, आणि तिच्याखालची माती सुकू लागली. भेगा दरवर्षीच पडत, त्यात नवे काही नव्हते. पण पूर्वी त्या उघड्या दिसत आणि खुरांखाली मिटत. आता त्या खडीखाली झाकलेल्या राहिल्या. वरून सगळे छान, देखणे, बसवलेले. आतून मी उकलत होते. मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते. पुढच्या उन्हाळ्यात पाणी लवकर उतरले. काशीनाथ म्हणाला, "ऊन फार आहे यंदा." त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ते आणखी लवकर उतरले. काशीनाथ वेलींना मोजकेच पाणी द्यायचा, रात्री अंथरुणात कूस बदलत राहायचा, असे अहिल्या भांडी घासताना शेजारणीला सांगायची.

तो उन्हाळा तुमच्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. मे महिन्यात नवे महाराष्ट्र राज्य झाले. डहाणू तालुका इकडे की गुजरातेत, या वादाने लोकांचे डोके पिकले होते, तो एकदाचा मिटला. गावात तोरणे लागली, पेढे वाटले. आणि त्याच महिन्यातल्या अवसेला, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, माझे पाणी वर चढले.

सकाळी प्रभाने पाहिले आणि ती ओरडत घरात गेली. सगळे धावत आले. काल जिथे खडी कोरडी होती तिथे पाणी डुलत होते, काचेसारखे स्वच्छ. गोपीनाथ नेमका आलेला होता. तो म्हणाला, "झरा लागला, भावोजी! खडीने वाट मोकळी केली." वाट मोकळी केली हे तर खरेच होते. आनंदीबाईंनी नारळ फोडला. ज्यांनी खडीला नाक मुरडले होते त्यांनीही माझ्या पाण्यावर हळदकुंकू वाहिले. काशीनाथच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी हसू आले.

तेवढ्यात घरची गाय पाण्यावर आली. तिने तोंड लावले, मान वर केली आणि तशीच उभी राहिली. तोंडातून पाणी ठिबकत होते.

"आई, गाय पीत नाय," प्रभा म्हणाली.

"पोट भरलेलं असेल तिचं," अहिल्या म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आता हात आखडू नका हो. वेली किती दिवस तहानलेल्या आहेत. पोटभर पाजा."

काशीनाथने रहाटाला बैल जुंपला आणि संध्याकाळपर्यंत सोडला नाही. पाट भरभरून वाहिले. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. घरात प्यायला समुद्रापासून दूर, गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या गोड्या विहिरीचे पाणी येई, म्हणून माझे पाणी कोणी तोंडात घेतले नव्हते. वेली मात्र पीत होत्या, अधाशासारख्या पीत होत्या. मी दर फेऱ्याला पोहऱ्यांतून वर जात होते आणि माझ्यातले काय वर जाते आहे हे मला ठाऊक होते. विहिरीला तोंड असते असे म्हणतात. पण ते बोलायचे नसते.

आठवडा गेला नाही तोच पानांच्या कडा करपल्या. आधी काशीनाथला वाटले उन्हाचा चटका. मग देठ काळे पडू लागले, आणि पाने हात लावताच गळू लागली. तो एका दुपारी माझ्या काठावर आला, वाकला, बोट बुडवून जिभेला लावले. पुन्हा बोट बुडवले, पुन्हा चाखले. अहिल्या पायरीवर होती.

"काय झालं?" तिने विचारले.

"खारं आहे."

पुढे त्याने खडी काढायला घेतली. स्वतः उतरला, पहारीने एकेक दगड उचकटू लागला. पण खडी मातीत घट्ट रुतली होती. प्रत्येक दगड निघाला की त्याच्या जागी एक भोक राही, आणि त्या भोकातून खालचे पाणी शांतपणे वर येई. जितकी खडी काढावी तितकी वाट वाढत होती. त्याने पहार ठेवून दिली. पावसाळ्यात मी पुन्हा गोडी झाले, लोकांना आशा वाटली, काशीनाथने नव्या वेली लावल्या. पुढच्या वैशाखात त्याही गेल्या. तिसऱ्यांदा त्याने लावल्या नाहीत.

शेवटच्या वेली उपटल्या त्या दिवशीचे सांगते. दुपार टळली होती. काशीनाथ हातपाय धुवायला माझ्यात उतरला. अहिल्या त्याच्यामागे येऊन उभी राहिली. प्रभा थोड्या अंतरावर, गुडघाभर पाण्यात, चालत होती. तिचे पाय खडीवर स्वच्छ दिसत होते.

"मी केलं हे," अहिल्या म्हणाली. "बाबांचा मळा माझ्या हट्टापायी गेला. तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. बोला तरी."

काशीनाथने लेकीकडे पाहिले.

"ती आता रुतायची नाय ना?" त्याने विचारले.

"नाय."

"मग झालं," तो म्हणाला, आणि तोंड धुऊ लागला. त्याने तोंड फार वेळ धुतले. अहिल्या पायरीवर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. त्याने चार कडक शब्द सुनावले असते तर तिला सोपे गेले असते.

नंतर ते घर बंद झाले. गोपीनाथने शब्द टाकला आणि काशीनाथ स्टेशनाच्या माल गोदामात लागला. मंडळी डहाणूला राहायला गेली. ज्या फलाटावर त्याचे करंडे जात त्याच फलाटावर तो आता दुसऱ्यांच्या पानांचे करंडे उचलतो, असे चिमण काठावरून जाताना कोणाला तरी सांगत होता. माझ्या काठाला आता खाजणातले, खाऱ्या चिखलात उगवणारे गवत वाढले आहे. बारीक खेकडे येतात, खडीच्या फटींत राहतात. भरतीला मी चढते, ओहोटीला उतरते. मला आता माझी अशी वेळ उरलेली नाही.

मित्रांनो, माझ्यावर कोणी डूख धरला नव्हता. कोणी मला विटाळले नाही, कोणी माझ्यात घाण टाकली नाही. माझी वाट लागली ती मायेने आणि घाईने. तुमच्या परसात तळी असेल आणि तिचा तळ काळा, चिकट, ओंगळ असेल, तर खुशाल नावे ठेवा. पण तो झाकण्याआधी त्याच्याखाली काय आहे ते विचारा. वर्षातून एकदा तो उघडा, त्यात उतरा, भेगा बघा आणि तुडवून मिटवा. आणि लेकराच्या पायांची काळजी वाटली, तर तळी बदलू नका. त्याचा हात धरा आणि ते पाण्याबाहेर येईपर्यंत सोडू नका.